गावरानी : मराठवाड्यातील जुन्या कापसाचे वाण आणि सरकीची जपणूक

जुने वाण म्हटले म्हणजे एखाद्या प्रदेशात पिढ्यान्‌पिढ्या पेरले गेलेले, तिथल्या मातीशी आणि पावसाशी जुळलेले आणि शेतकऱ्याने स्वतःच्या पिकातून पुढच्या हंगामासाठी राखलेले बी, असा अर्थ सामान्यतः घेतला जातो. ज्वारी, हरभरा किंवा तूर यांच्या बाबतीत तो पुरेसा आहे, कारण तिथे खायचे धान्य आणि पेरायचे बी ही एकच वस्तू असते, आणि खळ्यावरची चार चांगली कणसे बाजूला काढून आढ्याला टांगली की वाण राखण्याचे निम्मे काम होऊन जाते. कापसाचे तसे नाही. कापसाचे बी, म्हणजे सरकी, रुईच्या तंतूंत गुंतलेली असते आणि शेतकऱ्याला पैसा मिळतो तो या तंतूंचा. रुई आणि सरकी वेगळी केल्याखेरीज पेरायला बी मिळत नाही आणि हे काम जिथे होते तिथे बियाण्याचे भवितव्य ठरते. म्हणूनच कापसाच्या जुन्या वाणांचा इतिहास केवळ शेताच्या बांधावर उभे राहून लिहिता येत नाही. तो बाजारातून, वखारीतून आणि जिनिंगच्या आवारातून, म्हणजे रुई-सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यातून, फिरूनच लिहावा लागतो.

या दृष्टीने पाहता, हिंगोली जिल्ह्याच्या औंढा नागनाथ तालुक्यातील जवळा बाजार हे गाव या विषयासाठी उभे राहण्याचे योग्य ठिकाण आहे. गावाच्या नावातच बाजार आहे, आणि आजूबाजूच्या खेड्यांतील शेतमाल विक्रीला आणण्याचे ठिकाण म्हणूनच त्याची ओळख आहे. हा सारा मुलूख १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता, १९५६ मध्ये द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० पासून महाराष्ट्रात आहे. १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन हिंगोली जिल्हा झाला, तेव्हा औंढा तालुका नव्या जिल्ह्यात गेला. कापसाच्या नकाशावर मात्र परभणी, नांदेड आणि हिंगोली यांच्यातील या सीमांना फारसा अर्थ नाही. पूर्णेच्या आणि गोदावरीच्या खोऱ्यातील काळ्या, ओल धरून ठेवणाऱ्या जमिनीचा तो एकच पट्टा आहे, आणि व्यापाऱ्यांच्या भाषेत त्याचे नाव होते गावरानी.

या नावाकडे थोडे थांबून पाहणे आवश्यक आहे. मराठीत गावरान या शब्दाला आपुलकीची छटा आहे, तशी ओबडधोबडपणाचीही आहे. कापसाच्या व्यापारात मात्र हैदराबाद गावरानी हे नाव देशी कापसातील उत्तम, मऊ आणि तलम मालासाठी वापरले जाई. जगात लागवडीखाली असलेल्या कापसाच्या चार जाती आहेत. गॉसिपियम आर्बोरियम आणि गॉसिपियम हर्बेशियम या दोन जुन्या जगातील, म्हणजे आशिया-आफ्रिकेतील. तर गॉसिपियम हिर्सुटम आणि गॉसिपियम बार्बाडेन्स या दोन अमेरिका खंडातून आलेल्या. या चारही जातींची व्यापारी लागवड होणारा देश म्हणून भारताचा उल्लेख केला जातो. देशी जातींच्या पेशीत २६ गुणसूत्रे असतात, अमेरिकी जातींच्या पेशीत ५२. गुणसूत्रे म्हणजे पेशीतील आनुवंशिक गुण वाहून नेणारे धागे. त्यांची संख्या जुळत नसल्यामुळे देशी आणि अमेरिकी झाडांचा सहजासहजी संकर होत नाही आणि झालाच तर त्यातून निपजणारे झाड बहुधा वांझ असते. ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरते. गावरानी कापूस आर्बोरियम जातीतला, त्यातही इंडिकम नावाच्या वंशगटातला, आणि त्याचे मूळ बाणी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जुन्या वाणात आहे.

बाणीची कथा सांगायची तर वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाटपासून सुरुवात करावी लागते. एकोणिसाव्या शतकात हिंगणघाटचा बाणी कापूस इंग्लंडच्या व्यापाऱ्यांना नावाने ठाऊक होता. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकी कापूस मिळेनासा झाला, तेव्हा वऱ्हाड आणि मध्य प्रांत यांच्या कापसाकडे सगळ्यांचे लक्ष वळले, आणि त्या दशकात मध्य प्रांत व वऱ्हाडसाठी कापूस आयुक्त असे स्वतंत्र पद निर्माण करून त्यावर हॅरी रिव्हेट-कार्नाक यांची नेमणूक झाली. सरकारचा हेतू चांगला माल वाढावा असा होता, पण प्रत्यक्षात चांगला मालच मागे पडत गेला. बाणीचा तंतू तलम होता, मात्र त्याचा उतारा कमी होता. उतारा म्हणजे शंभर भार कापसातून निघणाऱ्या रुईचे प्रमाण. बाणीत ते तीसच्या खाली राही, आणि आखूड, जाड तंतूच्या रोझियमसारख्या वाणांत चाळीसच्या जवळ जाई. व्यापारी आखूड आणि लांब तंतूच्या मालाला जवळजवळ सारखाच भाव देऊ लागला, तर तलम कापूस पेरणारा शेतकरी दर खंडीमागे तोट्यात जाणार, हे उघड आहे. परिणामी वऱ्हाडात निरनिराळ्या आखूड वाणांचे मिश्रण पसरले, त्याला जरी म्हणू लागले, आणि एकोणिसावे शतक संपण्याच्या सुमारास हिंगणघाटच्या परिसरात शुद्ध बाणी शोधून काढावी लागे अशी स्थिती आली.

शेतकऱ्याला येथे दोष देणे अन्यायाचे होईल. त्याने भावाची भाषा अचूक ओळखली होती. परंतु केवळ भावामुळे वाण बुडाला असेही म्हणता येत नाही, कारण भाव बदलला की पेरणी बदलता येते. बी हाती नसेल तर मात्र बदलता येत नाही, आणि बी हातून गेले ते जिनिंगमुळे. पूर्वी रुई आणि सरकी घरीच वेगळी होई. दोन लाटांच्या हातचरखीवर, रेच्यावर, घरातील स्त्रिया बसत, आणि कोणत्या शेतातली, कोणत्या वेचणीची सरकी कोणत्या गाडग्यात गेली हे त्यांना तोंडपाठ असे. वाफेवर चालणारे जिनिंग कारखाने आले तेव्हा शंभर गाड्यांचा कापूस एका ढिगात पडू लागला, आणि पेरणीपूर्वी शेतकरी जी सरकी परत विकत आणी, ती त्याच्या शेतातली नसून त्या ढिगाची असे. गोदावरी खोऱ्याचा लोहमार्ग १९०० च्या सुमारास परभणी-नांदेड भागात आला आणि पूर्णा-हिंगोली फाटा १९१२ मध्ये सुरू झाला. ज्या वाटेने कापूस मुंबईच्या बंदराकडे जाऊ लागला त्याच वाटेने मिसळलेली सरकी खेड्यांत परत येऊ लागली. वाण शेतात एकाएकी मरत नाही. कापसात मधमाश्यांमुळे काही अंशी परपरागीकरण होते, म्हणजे एका झाडाचा पराग दुसऱ्या झाडाच्या फुलावर पडतो. त्यामुळे देशी जातीतलेच दोन वाण एका शेतात मिसळले तर चार-पाच हंगामांत त्यांची वेगळी ओळख पुसट होत जाते, आणि असे काही घडले आहे हे लक्षात येईपर्यंत मूळ बी कोणाच्याच घरी उरलेले नसते.

ही मिसळ थांबवण्याचा विचार सरकारी पातळीवर उशिरा का होईना झाला. १९२१ मध्ये इंडियन सेंट्रल कॉटन कमिटी स्थापन झाली आणि १९२३ च्या कापूस वाहतूक कायद्याने, ज्या पट्ट्यात चांगला कापूस पिकतो त्या पट्ट्यात बाहेरचा हलका कापूस किंवा सरकी आणण्यावर बंधन घालण्याची सोय ब्रिटिश हिंदुस्थानात झाली. हैदराबाद संस्थानानेही गावरानी पट्ट्याच्या संरक्षणासाठी लागवड आणि वाहतूक यांवर कायद्याने निर्बंध घातले. वऱ्हाडात गमावलेला बाणी निजामाच्या मुलखात गावरानी या नावाने टिकून राहिला, त्याला जमीन जितकी कारणीभूत आहे तितकाच हा बंदोबस्तही कारणीभूत मानावा लागतो. परभणीला १९१८ मध्ये संस्थानाचे मुख्य प्रयोगक्षेत्र सुरू झाले होते; कापूस संशोधनाचे तेथील केंद्र आजही महबूब बाग या नावाने ओळखले जाते. त्या काळातील काम निवड पद्धतीचे होते. शेतकऱ्यांच्या शेतांतून उत्तम झाडे हेरायची, प्रत्येक झाडाची सरकी वेगळी पेरायची, आणि जी संतती एकसारखी व सरस निघेल तिचाच वाण म्हणून विस्तार करायचा, अशी ही पद्धत. गावरानी ६, गावरानी १२, गावरानी २२ आणि गावरानी ४६ ही नावे त्या कामाची साक्ष देतात. त्यांचा तंतू सुमारे २२ मिलिमीटर, म्हणजे त्या काळच्या देशी कापसात लांब गणला जाणारा होता. या क्रमांकांमागे नाव नसलेल्या शेतकऱ्यांची शेते आहेत, कारण संशोधकाने निवडले ते त्या शेतकऱ्यांच्या कित्येक पिढ्यांनी आधीच निवडलेल्यातून, ही गोष्ट कृषिसंशोधनाच्या इतिहासात जितक्या ठळकपणे यायला हवी तितकी येत नाही.

घरच्या जपणुकीची रीत साधी होती, पण तिच्यात बरेच शास्त्र होते. पहिल्या वेचणीत पावसाने भिजलेली बोंडे असण्याचा संभव, शेवटच्या वेचणीत कीड लागलेली आणि अपक्व बोंडे अधिक. म्हणून बियाण्यासाठी मधल्या वेचणीचा आणि झाडाच्या मधल्या फांद्यांवरचा कापूस राखत. सरकी उन्हात खडखडीत वाळवून राखेबरोबर मडक्यात किंवा कणगीत ठेवत. सरकीत तेल असते, त्यामुळे ती ज्वारीसारखी दीर्घकाळ टिकत नाही. साध्या हवेत दोन-तीन वर्षांत तिची उगवण ढासळते, म्हणजेच वाण राखायचा तर तो जवळजवळ दरसाल पेरावाच लागतो. पेरणीपूर्वी सरकीवर उरलेली लव एकमेकींत अडकू नये म्हणून ती शेण आणि मातीच्या राड्यात घोळून वाळवत, मग ती तिफणीच्या चाड्यातून मोकळी सुटे. हेक्टरी दहा-बारा किलो सरकी, दाट पेरणी, ओळींत मधूनमधून तुरीचे तास, अशी ही पऱ्हाटी असे.

जुन्या कापसाचा आणखी एक आसरा शेताबाहेर होता. परसात, विहिरीकाठी किंवा देवळाजवळ लावलेले, अनेक वर्षे जगणारे कापसाचे झाड देवकापूस म्हणून ओळखले जाते. या नावाखाली एकच वनस्पती नाही, वेगवेगळ्या बहुवर्षायू प्रकारांना ते लागते. पण त्यांचा उपयोग एक, देवाच्या वाती आणि पूजेची कापसाची वस्त्रे. असे झाड बाजारात जात नाही, त्याचा उतारा कोणी मोजत नाही, त्याची सरकी हाताने सोलली जाते. बियाण्याच्या जपणुकीची जी अट वर सांगितली, वेगळेपणाची, ती येथे श्रद्धेने पाळली गेली.

स्वातंत्र्याच्या वेळी देशातील कापसाच्या क्षेत्रापैकी सुमारे ९७ टक्के क्षेत्र देशी जातींखाली होते असे मानले जाते. पुढील अर्धशतकात हे चित्र उलटले. फाळणीत लांब धाग्याचा कापूस पिकवणारे पंजाब आणि सिंधमधील मोठे सिंचित क्षेत्र पाकिस्तानात गेले, गिरण्यांना लांब धागा हवा होता, आणि अमेरिकी जातींचा प्रसार हे राष्ट्रीय धोरण बनले. १९७० मध्ये सुरत येथे सी. टी. पटेल यांनी एच-४ हा जगातील पहिला व्यापारी संकरित कापूस दिला. नांदेडच्या कापूस संशोधन केंद्रातून आलेला एनएचएच-४४ हा संकर १९८० च्या दशकापासून मराठवाड्यात आणि मराठवाड्याबाहेरही अतिशय लोकप्रिय झाला. संकर म्हणजे दोन भिन्न वाणांच्या मीलनातून आलेली पहिली पिढी. तिचा जोम मोठा, पण तिची सरकी राखून पेरली तर पुढच्या पिढीत गुण विखुरतात. सरळ वाणाची सरकी राखता येते, संकराची येत नाही, आणि या एका फरकाने मडक्यातल्या सरकीचा व्यवहार संपून पाकिटातल्या बियाण्याचा सुरू झाला. महाराष्ट्रात १९७२ पासून राबवलेल्या कापूस एकाधिकार खरेदी योजनेने शेतकऱ्याला हमीचा आधार दिला, ही तिची बाजू मान्य करूनही, खरेदी केंद्रावर प्रतवारी होऊन मोठ्या ढिगांत जाणाऱ्या कापसात थोड्या क्षेत्रावरच्या देशी वाणाला स्वतंत्र जागा उरली नाही, हेही नोंदवावे लागते. मार्च २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली, म्हणजे बोंडअळीला मारक प्रथिन तयार करणारे जिवाणूचे जनुक ज्यात घातले आहे अशा कापसाला; भारतात तो जवळजवळ सर्वस्वी अमेरिकी जातीच्या संकरांच्या रूपाने आला, आणि दशकाच्या आत त्याने देशी कापसाला काही थोड्या क्षेत्रापुरते उरवले.

त्यानंतर गुलाबी बोंडअळी त्या प्रथिनाला सरावली आणि २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रातील कापूस उत्पादकांना मोठा फटका बसला, तेव्हा जुन्या वाणांची आठवण पुन्हा निघाली. या आठवणीत भाबडेपणा शिरू न देणे हे अभ्यासकाचे कर्तव्य आहे. देशी कापूस तुडतुडे आणि पांढरी माशी यांसारख्या रसशोषक किडींना चांगले तोंड देतो, पाने गुंडाळणारा विषाणुजन्य रोग त्याला होत नाही, त्याचे सोटमूळ खोल जात असल्यामुळे पावसाचा खंड तो सोसतो, आणि खत-औषधांचा खर्च कमी लागतो. पण बोंडअळीपासून तो मुक्त नाही. त्याचे बोंड लहान असते, त्यामुळे तेवढ्याच कापसासाठी वेचणाऱ्या बाईला कितीतरी अधिक वेळ वाकावे लागते, आणि बोंड फुटल्यावर कापूस लवकर गळून मातीत पडतो, म्हणून वेचणी लांबवता येत नाही. मजुरी महाग झालेल्या काळात हा दोष मोठा आहे, आणि जुन्या वाणांच्या बाजूने बोलणारे अनेकजण तो झाकून ठेवतात, हे बरे नव्हे.

आज या वाणांचे बी मुख्यतः शीतगृहांत आहे. नवी दिल्लीच्या राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन ब्युरोच्या जनुकपेढीत ते उणे १८ अंश सेल्सिअसला ठेवले जाते. जनुकपेढी म्हणजे पिकांच्या निरनिराळ्या वाणांचे बी दीर्घकाळ जिवंत राहील अशा रीतीने साठवण्याची व्यवस्था. कापसाचा मोठा संग्रह नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेकडे आहे, जी १९७६ मध्ये स्थापन झाली. या संग्रहांचे मोल केवढे आहे हे बंगालच्या उदाहरणावरून कळते. ढाक्याची मलमल ज्या फुटी कार्पास नावाच्या आर्बोरियम कापसापासून विणली जाई, त्याची लागवड एकोणिसाव्या शतकात बंद पडली आणि बी राहिले नाही. अलीकडे बांगलादेशातील शोधकांना लंडनच्या क्यू उद्यानातील वाळवलेल्या नमुन्याची पाने आणि मेघना नदीकाठी सापडलेली झाडे यांची आनुवंशिक तुलना करत त्याच्या जवळ पोहोचावे लागले. गावरानीचे तसे झालेले नाही.

कायद्यानेही काही वाट मोकळी ठेवली आहे. वनस्पती वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा, २००१, हा शेतकऱ्याला आपल्या पिकाचे बी राखण्याचा, पेरण्याचा, देवाणघेवाणीचा आणि नाममुद्रेशिवाय विकण्याचा हक्क देतो, आणि शेतकऱ्यांनी जोपासलेल्या वाणाची त्यांच्या नावे नोंदणी करण्याची तरतूदही त्यात आहे. वर सांगितलेला गुणसूत्रांचा फरक येथे उपयोगी पडतो : शेजारच्या शेतात बीटी संकर असला तरी त्याचे जनुक देशी सरळ वाणात सहजी उतरत नाही. धोका उलट आपल्याच जातीतील दुसऱ्या वाणाचा असतो, म्हणून दोन देशी वाणांत पुरेसे अंतर ठेवणे, किंवा फूल उमलण्यापूर्वी कळीचे टोक दोऱ्याने बांधून तिचे परागीकरण तिच्यापुरतेच होऊ देणे, हे उपाय आवश्यक ठरतात. दोरा आणि रोजची फेरी एवढेच त्याला लागते.

परभणीचे कृषी विद्यापीठ १९७२ मध्ये स्थापन झाले आणि २०१३ पासून ते वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ या नावाने ओळखले जाते. महबूब बागेतील परंपरा पुढे नेत तिथल्या संशोधकांनी देशी कापसाचा मुख्य दोष, आखूड तंतू, दूर करण्याचे काम अनेक दशके चालवले. पीए २५५ म्हणजे परभणी तुराब, पीए ४०२ म्हणजे विनायक, पीए ०८, आणि त्यापुढचे पीए ७४०, पीए ८१० व पीए ८१२ यांसारखे वाण त्यातून आले. त्यांतील अलीकडच्या वाणांचा तंतू २८ मिलिमीटर आणि त्याहून अधिक, म्हणजे लांब धाग्याच्या प्रतवारीत बसणारा आहे. हे सरळ वाण आहेत. त्यांची सरकी शेतकऱ्याला राखता येते.

तरीही बाणीला जी अडचण आली तीच अडचण या नव्या वाणांपुढे जशीच्या तशी उभी आहे. देशी कापूस आखूड, हा बाजाराचा जुना समज. त्यामुळे लांब धाग्याचा देशी कापूस आणला तरी त्याचा वेगळा भाव निघेलच असे नाही, आणि वेगळा ढीग नसेल तर जिनिंगमधून वेगळी सरकीही परत येत नाही. एखाद्या गावातील पंधरा-वीस शेतकऱ्यांनी एकच वाण पेरून, एकत्र वेचून, जिनिंगचे यंत्र आधी स्वच्छ करून घेऊन आपल्या कापसाची रुई-सरकी एका दिवशी वेगळी करून घेतली, तर रुईला ओळख मिळते आणि सरकी घरी येते. त्याहून लहान प्रमाणावर काम करायचे असेल तर हाताने चालणारी चरखी पुरते. शीतगृहातील नमुन्यांचीही गरज शेवटी हीच आहे, कारण तिथले बी कायमचे टिकत नाही. उगवण घटू लागली की ते बाहेर काढून, जमिनीत पेरून, नवे बी धरून परत ठेवावे लागते. गावरानीच्या नमुन्यांसाठी अशी जमीन पूर्णेच्या काठची आहे. पूर्णा प्रकल्पाचे पाणी आल्यापासून त्या खोऱ्यात ऊस आणि हळद यांनी बरीच जागा व्यापली आहे, मात्र कालव्याचे पाणी न पोहोचणारी कोरडवाहू शेते अजून आहेत, आणि मृगाचा पाऊस झाला की त्यांत आजही कपाशी पेरली जाते.